जोड्यांसकट चंद्र

तुळजापूर,
४ ऑगस्ट १९६९

चि. राघू,

आशीर्वाद आहेत असं धरून चाल. ते सावकाश लिहिण्याइतकी मी आज शांत नाही.

चार वर्षं झाली तू घर सोडून. चार वर्षांत दिवाळीला दोन ओळी नाहीत, मी टायफॉइडनं महिनाभर पडून होते तेव्हा नाहीत. आणि एवढ्या वर्षांनी पाकीट आलं ते कशाबद्दल, तर माणसं चंद्रावर काय काय टाकून आली याबद्दल! वेधशाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला हर्ष झाला असेल, तो मी समजू शकते. माझ्या शाळेतसुद्धा हेडबाईंनी मुलींना पेढा वाटला. पण 'आक्का, अण्णांना वाचून दाखव, त्यांना आकाशाची आवड आहे' असं वर लिहायची बुद्धी तुला कुठून झाली?

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुला माहीत नसेल, कसं असणार. तेव्हा मी चष्मा लावला आणि वर्गात वाचते तसं खणखणीत वाचलं. यानाचा खालचा अर्धा भाग तिथंच राहिला. निशाण तिथंच. कॅमेरे तिथंच. इथवर अण्णा मान डोलावत होते. 'वा, वा' म्हणाले एकदा. तुझं नाव त्यांनी चार वर्षांत उच्चारलं नव्हतं, पण अक्षर तुझं आहे हे त्यांना माहीत होतं आणि तरी ऐकत होते. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मग तुझं पुढचं वाक्य आलं. परत निघताना वजन कमी व्हावं म्हणून त्यांनी बुटांवर घातलेले जोडे, पाठीवरची यंत्रं आणि कचऱ्याच्या पिशव्या दार उघडून खाली टाकल्या.

"कसला कचरा?" अण्णांनी विचारलं.

कसला, तेही तू मलमूत्रासकट लिहून ठेवलं होतंस. मीही वाचून मोकळी झाले. अण्णांची डोलणारी मान थांबली. मग म्हणाले, "चंद्रावर? जोडे?"

परवा संकष्टी झाली. घरची पद्धत तू विसरला नसशील. दिवसभर उपास, चंद्र उगवला की अर्घ्य, मग पान वाढायचं. त्यांना आता चंद्र दिसत नाही म्हणून मी गच्चीवर जाते आणि वरून 'उगवला हो' म्हणते. ते अंगणात पूर्वेकडं तोंड करून पाणी सोडतात. ढग असले तर पंचांगातली वेळ झाली की झालं. परवा मी 'उगवला' म्हटलं, खाली आले, तर अण्णा पलंगावर बसलेले.

"अण्णा, अर्घ्य द्यायचंय ना?"

"कुणाला?" म्हणाले. "ज्याच्या डोक्यावर जोडे आणि असली घाण पडलीय त्याला हात जोडून मी जेवू? मला नको."

मोदक झाकून ठेवले. मी विनवण्या केल्या, रागावले, रडायचं नाटकही केलं. शेवटी म्हणाले, "उद्या सूर्य उगवल्यावर जेवेन. तिथं अजून कुणी गेलेलं नाही."

हसू नकोस. माणूस बहात्तर वर्षांचा आहे, मधुमेह आहे, गोळ्या पोटात अन्न असताना घ्यायच्या आहेत. निजामाच्या कचेरीत हयात गेली, त्यामुळं त्यांना प्रत्येक गोष्टीचा लेखी खुलासा लागतो हे तुला ठाऊकच आहे. त्यांनी तुला विचारायला सांगितलंय की ते सामान कोण उचलणार आहे, कधी उचलणार आहे, आणि कुणी उचललंच नाही तर त्याचं पुढं काय होतं. नीट विचार करून जबाब पाठव. नीट म्हणजे काय ते तुला कळायला हवं.

तुझी,
आक्का

•

तुळजापूर,
२ सप्टेंबर १९६९

राघू,

तुझा जबाब पोचला. असा जबाब यावा म्हणून मी देवाचं कोणतं पाप केलं होतं?

मी लिहिलं होतं, नीट विचार करून पाठव. तू चार पानं पाठवलीस. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, वारा नाही, कीड नाही, म्हणून तिथं काही कुजत नाही आणि गंजत नाही. जोडे लाखो वर्षं तसेच राहतील. उन्हानं निशाणाचा रंग उडेल, कापड विटेल, आकाशातून बारीक खडे येऊन आदळतात त्यांनी हळूहळू झीज होईल, पण ती इतकी सावकाश की माणसाच्या हिशेबात धरू नये. पावलांचे ठसेसुद्धा मोडणार नाहीत. उचलायला कुणी जाणार नाही, उलट नोव्हेंबरात दुसरे जातील आणि तेही टाकून येतील. व्वा! घरात आग लागली आणि शेजाऱ्यानं रॉकेलचा डबा आणून दिला.

अण्णांची आशा काय होती माहीत आहे? पाऊस. त्यांना वाटत होतं, चार पावसाळे गेले की सगळं धुऊन निघेल. तोवर थांबू. तू त्यांचा पाऊसच काढून घेतलास.

आणि तो दुधाचा प्रश्न! मी मागाहून टाकलेल्या कार्डात सहज लिहिला होता. चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच परत फिरलेला उजेड, हे तूच लहानपणी त्यांना समजावलं होतंस. तर जोड्यांवरून परत फिरलेला उजेड कोजागरीच्या दुधात पडणार का, असं त्यांनी विचारलं होतं. कोणताही शहाणा माणूस 'नाही' लिहून मोकळा झाला असता. तू लिहिलंस, 'तत्त्वतः पडेल, पण मोजता येणार नाही इतका थोडा.' अण्णा म्हणाले, "थोडा म्हणजे पडणारच की. विटाळाला वजन लागत नाही."

आता महत्त्वाचं सांगते. श्रावणातली संकष्टी तशीच गेली. चंद्र उगवला, मी सांगितलं, ते उठले नाहीत. सकाळी आंघोळीला गेले आणि न्हाणीत कोसळले. घाम, हातपाय गार, बोलणं तोंडात अडकलेलं. दूध घेऊन धुरपताबाई आली होती म्हणून दोघींनी उचललं. डॉक्टरांनी साखरेचं पाणी पाजलं, सुई दिली, आणि बाहेर येऊन मला स्पष्ट म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा रात्रभर उपाशी राहिले तर मी येऊन उपयोग होईल की नाही, मला सांगता येत नाही."

धुरपताबाईनं तिच्या परीनं उपाय काढला. अण्णांच्या उशाशी बसून म्हणाली, "अण्णा, देवळात पायतान गेलं तर पीडा गेली म्हंत्यात न्हवं? त्येंची पायतानं तिथं ऱ्हायली, त्येंची पीडा गेली. लई चांगलं झालं की."

अण्णांचा चेहरा उजळला, खरंच सांगते. 'हे बरोबर आहे,' म्हणाले. मी सुस्कारा सोडते आहे तोवर बाई पुढं म्हणाली, "आता ती पीडा चंद्राच्या बोकांडी बसली म्हना, पन आपल्याला काय त्येचं?"

अण्णा भिंतीकडं तोंड करून झोपले. दक्षाच्या शापानं आधीच क्षयी झालेला, त्यात परक्यांची पीडा, असं पुटपुटत होते.

तेव्हा ऐक. मला विज्ञान नको. मला एक पोस्टकार्ड हवं. त्यावर लिही की सगळं सामान आवरून परत आणलं. एवढंच. पुढची संकष्टी या महिन्याच्या शेवटी आहे, तोवर ते इथं पोचायला हवं.

आक्का

•

तुळजापूर,
१९ सप्टेंबर १९६९

राघवेंद्र,

'मी अण्णांना खोटं लिहिणार नाही. दुसरं काहीही सांग.' हे तुझं उत्तर.

दुसरं काय सांगू? चंद्रावर जाऊन झाडून ये म्हणू?

गणपती बसले. त्या रात्री चंद्र बघायचा नसतो, बघितला तर आळ येतो, म्हणून सगळं गाव खाली माना घालून चालत होतं. अण्णा मजेत होते. वर्षातला एक दिवस नियम पाळणारी माणसं आणि बारा महिने पाळणारे आपण, असा त्यांचा तोरा. हातापायात जोर नाही, वहाणा घालताना भिंत धरावी लागते, पण तोरा बघायचा.

तुझा हा खरेपणा मला तोंडपाठ आहे. तुझं लग्न ठरलं तेव्हाही हाच होता. अण्णा काय म्हणत होते? महानंदा मुरुमच्या माणिकप्पांची मुलगी आहे, लिंगायत आहे, हे चारचौघांत बोलू नकोस. तिकडं कर्नाटकातल्या आपल्याच कुणाची आहे म्हणून सांगू, चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील. ते त्यांच्या मानानं केवढी पायरी उतरले होते! कचेरीत एक खोटा आकडा न लिहिलेला माणूस तुझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाला. आणि तू ओसरीवर सगळ्या पाहुण्यांसमोर उभा राहून तिचं नाव, गाव, जात, वडलांचं दुकान, सगळं सांगितलंस. मग अण्णा म्हणाले, "चालता हो." तू चालता झालास. दोघांपैकी एकालाही मागं वळता आलं नाही, आणि मधल्यामध्ये मी चार वर्षं दोन माणसांचा स्वयंपाक करते आहे.

मला त्या वेळीही तुझं चुकलं असं वाटलं नव्हतं. पण या वेळी चुकतंय. त्या वेळी तुझ्या बायकोच्या मानाचा प्रश्न होता. या वेळी म्हाताऱ्याच्या जिवाचा आहे, आणि खोटं कशाबद्दल, तर कुणा परक्याच्या जोड्यांबद्दल!

ठीक आहे. तू नको लिहूस. मी बघते.

आक्का

•

तुळजापूर,
१ ऑक्टोबर १९६९

राघू,

बघितलं मी. काय झालं ते ऐक, आणि सगळा दोष तुझ्याकडं घे. माझ्याकडं ठेवायला आता जागा नाही.

संकष्टीच्या दिवशी दुपारी मी तुझ्या जुन्या पाकिटात कोरा कागद घालून आणला आणि अण्णांना म्हटलं, राघूचं पत्र आलंय. खुर्चीत सरळ बसले. मी वाचलं. म्हणजे वाचल्यासारखं केलं. 'तीर्थरूप अण्णांच्या चरणी साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? आपली फार आठवण येते. कळविण्यास आनंद होतो की, दुसरे यान जाऊन चंद्रावरील सर्व सामान, जोडे व पिशव्यांसह, आवरून परत आले आहे. आता तेथे काहीही उरलेले नाही. तरी आपण निश्चिंत मनाने चंद्रदर्शन घेऊन भोजन करावे.' मला वाटलं, छान जमलं. आवाजही कापला नाही.

अण्णा म्हणाले, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. कोऱ्या कागदावरून दुसऱ्यांदा तेच वाचणं किती अवघड असतं ते तुला काय कळणार.

"हे राघूचं नाही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, असं काय? पाकीट बघा, हात लावून बघा."

"पाकीट त्याचं असेल. मजकूर त्याचा नाही. राघूला खोटं बोलता आलं असतं तर तो आज याच घरात असता. मीच त्याला शिकवत होतो, खोटं बोल म्हणून. त्याला जमलं नाही. आणि आता माझ्या उपासासाठी जमेल होय?"

  डोळ्यांना दिसत नाही त्या माणसानं मला वर्गातल्या कॉपी करणाऱ्या पोरीसारखं पकडलं.

थोड्या वेळानं म्हणाले, "'आठवण येते' हे तरी त्यानं कधी लिहिलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तेही तुझंच," म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसले. राघू, मी तुझ्यावर कितीही ओरडले तरी हे मला सहन झालं नाही. चार पानं चंद्रावर लिहितोस, एक ओळ बापावर लिहायला काय झालं होतं? ते तर खोटं नव्हतं ना?

रात्री मी गच्चीवरून सांगितलं, उगवला. आता यापुढचं नीट वाच. ते अंगणात आले होते. हातात तांब्या होता. म्हणजे जोड्यांचं काहीतरी त्यांनी मनाशी मिटवलं होतं, ते देणार होते अर्घ्य! आणि तसेच उभे राहिले.

"खरंच उगवलाय का?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, समोर दिसतोय मला."

"दुपारी पत्रही दिसत होतं तुला," म्हणाले, आणि तांब्या कट्ट्यावर ठेवून आत गेले.

आता बोल! जोडे बाजूला राहिले. आता माझ्या शब्दावर भरवसा नाही. धुरपताबाईनं सांगितलं तर म्हणतात, तिला तू शिकवलंस. पंचांगातली वेळ वाचून दाखवली तर म्हणतात, वाचणारी तूच. मी पहाटेपर्यंत त्यांच्या उशाशी बसून मधूनमधून चमच्यानं गोड पाणी पाजलं, ते मात्र त्यांनी झोपेत असल्यासारखं करून घेतलं. म्हणून आज तुला तार न करता पत्र लिहिते आहे. पण पुढची संकष्टी अठ्ठावीस तारखेला, मंगळवारी आहे. अंगारकी. ती अण्णा कुणाच्या बापाचं ऐकून सोडणार नाहीत, आणि त्या रात्री ते गोड पाणीसुद्धा घेणार नाहीत, असं मला आत्ताच बजावून ठेवलं आहे.

मी दमले. तुम्ही दोघं बापलेक खरेपणाचे पुतळे, आणि मधे मी एकटी लबाड.

आक्का

•

तुळजापूर,
९ ऑक्टोबर १९६९

चि. सौ. महानंदा हिला अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावानं का, याचं तुला नवल वाटेल. मलाही वाटलं. मी राघूलाच लिहायला बसले होते. अण्णा म्हणाले, "त्याला नको. त्याला लिहिलंस की तो चंद्रावरच्या आणखी चार गोष्टी कळवेल. सुनेच्या नावानं लिही." चार वर्षांत या घरात तुझा उल्लेख 'मुरुमची' असा व्हायचा, तोही मी केला तरच. काल त्यांनी सून म्हटलं. पुन्हा विचारून खात्री करून घेतली, तर चिडले.

ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत कळवते, माझ्या पदरचं एक अक्षर नाही. माझ्या अक्षरांची इथं सध्या पत नाही.

"राघू लिहितो की तिथं काही कुजत नाही, वाहून जात नाही, आणि काढायलाही कुणी जाणार नाही. तो लिहितो म्हणजे खरं. मग ते जोडे आता चंद्राचेच झाले. मी तोंड फिरवून बसलो, त्यात चंद्राचं काय गेलं? तो रोज उगवला. उपाशी मी राहिलो."

मी म्हटलं, "मग झालं तर! अंगारकीला अर्घ्य द्यायचं ना?"

"द्यायचं. पण उगवला हे मला कोण सांगणार? तुझ्यावर माझा भरवसा नाही. राघूला बोलव. तो उगवला म्हणाला की उगवला."

तेव्हा बाई, तुझ्या नवऱ्याला घेऊन ये. त्याला रजा मिळत नसेल तर भांड. हैदराबादहून सोलापूरपर्यंत रेल्वे आहे, तिथून तुळजापूरला एसटी. दसरा होऊन यात्रेकरूंची गर्दी ओसरलेली असेल, बसायला जागा मिळेल. चंद्र साडेआठच्या आसपास उगवायचा आहे, पण तुम्ही आदल्या दिवशी या. अण्णांचा जीव त्या एका रात्रीवर आहे, हे त्याला मी चार पत्रांत सांगून दमले. तू सांग, तुझं ऐकेल.

आल्यावर त्याला गच्चीवर पाठवू. तू खाली अंगणात अण्णांजवळ थांबायचं आहेस. त्यांचे हात आता फार थरथरतात, अर्घ्याचं पाणी सांडतं, कुणीतरी तांब्या हातात द्यावा लागतो. मी विचारलं, "अण्णा, तांब्या कोण देईल?"

"सून देईल," म्हणाले.

मी जरा घुटमळले. चार वर्षांपूर्वीची ती ओसरी मला आठवत होती. म्हटलं, "पाणी... अर्घ्याचं आहे, अण्णा."

तर माझ्यावर केवढ्यानं खेकसले! "मग? राघू गच्चीवर असेल, तुझा भरवसा नाही. तिसरं माझं कोण आहे घरात?"

मी उठले. आत गेले, तांब्या काढला आणि चिंच लावून घासायला बसले. अजून अठ्ठावीस तारीख लांब आहे, तोवर तो पुन्हा काळा पडेल, पुन्हा घासावा लागेल. घासेन.

तुझी नणंद,
प्रेमला